शेवट गोड, पण मधल्या तासाचं काय?

विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे नागपूरच्या पोरांची उन्हाळी सुटी लांबते, आणि त्यातली सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा ही वेळ घरात कोंडलेली जाते. बाहेर पारा ४५ च्या आसपास, आत कूलर, कूलरच्या झोतात सतरंजी आणि समोर टीव्ही. या वेळात काय लावायचं, याचं सोपं उत्तर म्हणजे एखादा ॲनिमेशनपट. रंगीत, विनोदी, पोस्टरवर आई-बाबा, दोन पोरं आणि एक कुत्रा. सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून मुलांना सिनेमा दाखवायचा ठरतो तेव्हाही यादीत असाच सिनेमा वर असतो, आणि ‘कार्टूनच तर आहे’ एवढ्यावर विषय संपतो.

तो तिथे संपू नये. कधी कुणी हरकत घेतलीच, तर ती भलत्याच गोष्टीवर असते. कुठे एक द्व्यर्थी वाक्य आहे, कुठे पापा घेतलाय, कुठे शिवी आहे. तीन ते सात वर्षांच्या मुलाला सिनेमा दाखवावा की नाही, हे या गोष्टींवरून फारसं ठरत नाही. सिनेमा कुणाला हसायला लावतो, घरात करून बघता येईल असं काय दाखवतो, आणि भीती दाखवून ती किती वेळ तशीच ताणून धरतो, यावरून ते ठरतं. शेवटी कोणता बोध दिला, याला तर या वयात फार कमी किंमत आहे.

आधी प्रमाणपत्राचं बघू, कारण बहुतेकांचा भरवसा त्यावरच असतो. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर झळकणाऱ्या प्रमाणपत्रावर ‘अ’ असेल तर सिनेमा सर्वांना खुला, ‘व’ असेल तर १८ च्या आतल्यांना बंदी. मधला गट ‘अ/व’. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि या मधल्या गटाचे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन टप्पे पडले. त्याआधी १२ वर्षांची एकच रेघ होती. सुधारणा चांगली आहे. पण ‘अ/व’ हा पालकांना दिलेला सल्ला आहे. तिकीट खिडकीवर चार वर्षांच्या मुलाला कुणी अडवणार नाही. आणि ‘अ’ चा अर्थ सर्वांना दाखवायला हरकत नाही, इतकाच. हा सिनेमा बालवाडीतल्या मुलाला झेपेल, असं सेन्सॉर मंडळाने कुठेही म्हटलेलं नसतं.

ओटीटीवर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांमुळे हेच टप्पे आधीच आले होते. मात्र पालकांनी घालायच्या कुलपाची सोय देणं कंपन्यांना १३ वर्षांच्या टप्प्यापासून पुढेच बंधनकारक आहे. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला ७+ च्या सिनेमापासून रोखणारं कुलूप कायद्याने मिळत नाही. ॲपमध्ये त्याचं वेगळं प्रोफाइल काढायचं, वय नीट भरायचं, पिन टाकायचा आणि पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करायची, हे सगळं घरच्यांनीच करायचं. यूट्यूबवर कुणीही चढवलेल्या कार्टूनच्या तुकड्यांना तर हे वर्गीकरण लागूच होत नाही.

आता ज्यांची सगळ्यात जास्त धास्ती असते ते विनोद. तिकिटाचे पैसे आई-बाबा देतात, म्हणून लग्न, ऑफिस, सासू, हप्ते यांवरचे टोमणे अशा सिनेमात मोठ्यांसाठी पेरलेले असतातच. पाच वर्षांच्या मुलाला त्यातलं काही कळत नाही. त्याला कळते ती आपली धांदल. आई रिमोटवर झेपावली, बाबा नको तिथे खोकले, की एरवी सटकून गेलं असतं ते वाक्य त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. पादण्या-ढेकरांच्या विनोदांनाही उगाच नावं ठेवली जातात. चार वर्षांच्या पोट्ट्याला जगात याहून विनोदी काही नसतं आणि त्यात कुणाचं काही बिघडतही नाही. राहिल्या शिव्या. ‘अबे’शिवाय जिथे वाक्य सुरू होत नाही आणि ‘भैताड’ लाडानेही म्हणतात, त्या शहरात एका ‘स्टुपिड’वरून सिनेमा बाद करणं हे जरा ढोंगच.

‘पण शेवटी चांगला संदेश आहे’ हे वाक्य मात्र जास्त फसवं आहे. २००८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मारी-लुईस मेअर्स यांनी एका सहकाऱ्यासोबत बालवाडीच्या वयाच्या मुलांना एक कार्टून दाखवलं. त्यात तीन पायांच्या एका कुत्र्याला बाकीचे कुत्रे आधी घाबरतात, टाळतात आणि शेवटी आपलंसं करतात. जो वेगळा आहे त्यालाही सोबत घ्या, हा त्याचा बोध मोठ्या माणसाला लगेच दिसतो. मुलांना विचारलं तेव्हा कित्येकांचं उत्तर तीन पायांच्या कुत्र्यापाशीच अडकलं होतं. कुत्र्यावरून माणसावर उडी मारणं त्यांना जमलं नव्हतं.

याचं कारण साधं आहे. या वयाचं मूल सिनेमा प्रसंगाप्रसंगाने बघतं. पंधराव्या मिनिटाला कुणी चिडवलं आणि पंच्याऐंशीव्या मिनिटाला माफी मागितली, तर या दोन्हींना जोडणारा धागा त्याच्या हातात नसतो. शिवाय चिडवण्याचे प्रसंग लांब, चुरचुरीत आणि गाण्यासकट असतात, आणि माफी म्हणजे दोन मिनिटांचं मंद संगीतातलं बोलणं. त्या दोन मिनिटांत मूल पाणी प्यायला उठतं. पोरं घरात नक्कल करतात ती चिडवण्याचीच. माफीची नक्कल करून दाखवणारं मूल विरळा.

म्हणून सिनेमा बघताना आधी हशा कशावर येतो ते तपासायचं. समजा जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग आहे. जाडा चुलतभाऊ खुर्चीवर बसतो, खुर्ची मोडते, ताटं उडतात, सगळे खो-खो हसतात. असा प्रसंग कितीतरी सिनेमांत सापडेल. इथे थांबून बघा, पडल्यावर कॅमेरा त्याच्या चेहऱ्याकडे वळतो की हसणाऱ्यांकडेच राहतो? त्याच प्रसंगात त्याला काही बोलायला किंवा करायला मिळतं का? की त्याचं काम पुढच्या वेळी पुन्हा काहीतरी मोडणं, एवढंच आहे? आता दुसरा प्रसंग घ्या. बाबा फुशारकी मारतात की पंखा मीच दुरुस्त करणार, स्टुलावर चढतात आणि पंख्यासकट खाली येतात. पडणं तेच, पण हसू येतं ते फुशारकीवर. दोन्हींमधला फरक एका प्रश्नाने कळतो: पडणारा माणूस सडपातळ, गोरा, न अडखळता बोलणारा असता, तर विनोद उरला असता का? उरला असता तर खुशाल हसू द्या. उरला नसता, तर सिनेमा मुलाला वर्गातल्या कुणाला तरी हसायची सामग्री देतोय, आणि शाळा उघडल्यावर ती वापरली जाणारच. दहा मिनिटांत असा हशा एकदा आला तर मी सोडून देईन. चार-पाचदा आला तर पुढचं बघायची गरज नाही.

नागपुरात यात एक आणखी पदर आहे. इथली पोरं घरात मराठी बोलत असली तरी खेळायला हिंदीत उतरतात, आणि बाहेरचे ॲनिमेशनपट बहुतेक हिंदी डबिंगमध्येच बघतात. डबिंगचा लेखक मूळ विनोद जसाच्या तसा ठेवत नाही. तो चौकीदाराला एका प्रांताचा हेल देतो, आचाऱ्याला दुसऱ्या, गुंडाला तिसऱ्या. मूळ इंग्रजीत जो नुसता वेंधळा होता, तो हिंदीत ‘त्या’ लोकांपैकी एक होतो. ओटीटीवर भाषा बदलली म्हणून सिनेमाच्या नावापुढचं वय सहसा बदललेलं दिसत नाही. तेव्हा मुलं ज्या भाषेत बघणार, त्याच भाषेत आपण तपासायचं, आणि पाच मिनिटं तरी डोळे मिटून नुसतं ऐकायचं. चित्र असलं की कानाला बऱ्याच गोष्टी निसटतात.

दुसरी तपासणी नकलेची. १९६३ साली स्टॅनफर्डमध्ये अल्बर्ट बांडुरा यांनी मुलांच्या वेगवेगळ्या गटांना फुगवलेल्या बाहुलीला बडवणारा प्रत्यक्ष माणूस, तसाच माणूस फिल्ममध्ये, आणि मांजराच्या वेषातलं कार्टूनसारखं पात्र दाखवलं. तिन्ही गटांत बडवाबडवी वाढली. ती बाहुली बडवण्यासाठीच बनवलेली असते, त्यामुळे त्यावरून मुलं हिंसक होतात असा सरसकट निष्कर्ष काढू नये, हा आक्षेप रास्त आहे. पण कार्टून आहे म्हणून मूल नक्कल करणार नाही, ही समजूत त्या प्रयोगात टिकली नाही, हेही खरं.

म्हणून हाणामारी किती, हे मोजत बसण्यात अर्थ नाही. डोक्यावर शंभर किलोचं वजन पडून पात्र चपटं होतं, याची नक्कल कुणाच्याच घरात होत नाही, कारण ते वजन घरात नसतं. बघायचं ते घरात काय आहे. कपडे धुण्याच्या मशीनमध्ये बसून गरगर फिरणं, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी, गळ्यात दोरी अडकवून झोका, छत्री उघडून गॅलरीतून उडी, फ्रीजमध्ये लपणं. आणि या शहरात मे महिन्यात यादीत सगळ्यात वर ठेवायचा तो विजेचा विनोद. पात्र बोट सॉकेटमध्ये घालतं, केस उभे राहतात, क्षणभर हाडांचा सापळा दिसतो, तोंड काळं होतं आणि पुढच्या शॉटला गडी ठणठणीत. थंड देशात बसून बघणाऱ्या मुलाला हा नुसता विनोद आहे. इथे मात्र त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, लोखंडी पत्र्याचा कूलर चालू असतो. टाकीत पाण्यात बुडालेला पंप, ओली फरशी, अनवाणी पाय. पंपाचं किंवा वायरचं वेष्टण खराब झालं आणि अर्थिंग धड नसलं, की कूलरच्या बॉडीत करंट उतरतो. उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भाला नव्या नाहीत.

एवढ्यासाठी सिनेमा बंद करायची गरज नाही. तो प्रसंग आला की थांबवायचा आणि एकच वाक्य बोलायचं: ‘खरा करंट लागला की माणूस असा उठून बसत नाही, मरतो.’ हेच वाक्य सिनेमा संपल्यावर बोललं तर वाया जातं, कारण मागे सांगितलेला धागा इथेही मुलाच्या हातात नसतो. बाकी टाकीत पाणी भरताना प्लग काढणं, कूलरच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, बसवणं, ही कामं सिनेमा बघा न बघा, करायचीच आहेत.

भीतीबद्दल मोठ्यांचे अंदाज हमखास चुकतात, कारण आपल्याला भिववणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात. तीन ते पाच वर्षांचं मूल दिसण्याला भितं. चेहरा बदलणं, डोळे लाल होणं, अंधारातून आलेली डरकाळी. प्रेमळ आजी क्षणभर राक्षसीण झाली आणि गंमत होती म्हणून पुन्हा आजी झाली, तरी मुलाच्या लक्षात राक्षसीण राहते. ‘अरे, ते खरं नाही, चित्र आहे’ हे सांगून या वयात जवळपास काही साधत नाही. मांडीवर घेणं, दिवा लावणं, हातात पाण्याचा पेला देणं याचा उपयोग होतो. सात-आठच्या पुढे समजावून सांगितलेलं पटायला लागतं, पण तोवर भीतीही बदललेली असते. आई-बाबा मेले तर काय, घर गेलं तर काय. आणि ॲनिमेशनपटांत मरण कमी असतं, हा समज तर टिकतच नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ साली एक तुलना आली होती. सर्वाधिक कमाईचे ४५ ॲनिमेशनपट आणि मोठ्यांसाठीचे ९० नाट्यपट तपासले, तर महत्त्वाचं पात्र मरण्याचं प्रमाण मोठ्यांच्या सिनेमांत निम्मं आणि ॲनिमेशनपटांत दोन तृतीयांश निघालं. पात्रांच्या आई-वडिलांचा नंबर त्यात बराच वर होता.

यावर ठरलेला प्रतिवाद असा की, आपणही राक्षसांच्या गोष्टी ऐकत वाढलो, आपल्याला काय झालं? मुद्दा अगदीच पोकळ नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा तीन वर्षांची पोरंही ती बघतात. आक्राळविक्राळ पुतळा, ढोलताशे, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’चा गजर, आणि शेवटी पुतळ्याचं दहन. पण ते पोरगं बाबाच्या खांद्यावर असतं. भीती वाटली तर बाबाच्या केसांत तोंड खुपसतं, ‘ती कुठं चालली?’ विचारलं तर जागच्या जागी उत्तर मिळतं, आणि नको झालं तर बाबा गल्लीत वळतो. गणपतीचं शीर उडालं हे आजी एका वाक्यात उरकते आणि लगेच हत्तीवर येते. भीतीची मात्रा मुलाकडे बघून ठरवणारं माणूस दोन्हीकडे हजर असतं. सिनेमा तोच क्षण तीन मिनिटं, ढोलासारख्या संगीतासह, अंधारात ताणतो, आणि त्या वेळी घरातलं मोठं माणूस बहुधा आतल्या खोलीत आडवं झालेलं असतं.

वेगाबद्दल थोडक्यात. २०११ साली पीडिॲट्रिक्स या नियतकालिकात चार वर्षांच्या ६० मुलांवरचा एक अभ्यास आला. एका गटाने भरधाव कार्टून नऊ मिनिटं बघितलं आणि लगेच दिलेल्या, मन थाऱ्यावर ठेवायला लावणाऱ्या खेळांत ती मुलं इतरांपेक्षा मागे पडली. त्या कार्टूनमध्ये सरासरी ११ सेकंदांना पूर्ण दृश्य बदलत होतं, तुलनेच्या संथ कार्टूनमध्ये ३४ सेकंदांना. हा परिणाम लगेचचा मोजलेला आहे, कायमचा नव्हे, त्यामुळे घाबरून जायला नको. पण घड्याळ लावून एका मिनिटात पार्श्वभूमी किती वेळा बदलते ते मोजता येतं. दोनदा असेल तर संथ. पाच-सहादा असेल तर तो सिनेमा झोपण्याआधी किंवा अभ्यासाआधी लावू नये, इतकंच.

हे सगळं तपासायला पूर्ण सिनेमा बघावा लागत नाही. साधारण ९० मिनिटांच्या सिनेमाची पहिली १२ मिनिटं बघा. आई-वडिलांचं मरण असलं तर बहुधा इथेच उरकलेलं असतं. मग २५ ते ३५ ही दहा मिनिटं, विनोद कशावर चालतो हे इथे उघड होतं. त्यातली पाच आवाज बंद करून बघितली तर चेहरे आणि नकलेच्या गोष्टी स्पष्ट दिसतात, उरलेली पाच डोळे मिटून. शेवटी ६५ ते ८०. सगळं बिनसतं, नायक एकटा पडतो, खलनायक सगळ्यात मोठा दिसतो ते इथे. सदतीस मिनिटांत काम होतं. ट्रेलरवर विसंबू नये. त्यात विनोद असतात, अंधार नसतो. आणि शेवटची दहा मिनिटं बघून मत बनवणं तर सगळ्यात वाईट, कारण प्रत्येक सिनेमा तिथे चांगलाच असतो.

घरात चूक झाली तर रिमोट हाताशी असतो. सोसायटी, गणेश मंडळ, शाळेचा बालदिन इथे तो नसतो. एका सतरंजीवर तीन ते बारा वर्षांची चाळीस पोरं, सिनेमा निवडलेला बारा वर्षांच्यांनी, लहानगी सगळ्यात पुढे आणि स्पीकर त्यांच्या कानाशी. इथे जबाबदारी कुणाचीच नसते. आयोजक म्हणतात पालकांनी बघावं, पालकांना सिनेमाचं नावही संध्याकाळी कळतं. म्हणून जो कुणी दुसऱ्यांच्या मुलांना सिनेमा दाखवतो, त्याने तो आधी तपासून पालकांना मराठीत लेखी कळवलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. सक्तीचा कायदा नको. सोसायटीच्या बैठकीत एक ठराव पुरे.

हॉलची मांडणीही बदलायला हवी. लहान मुलं मागे, दाराजवळ, मोठ्या माणसासोबत. मागची एक ट्यूबलाइट चालूच ठेवायची. १९९७ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटामुळे सहाशेहून अधिक मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. सेकंदाला बाराच्या आसपास वेळा रंग पालटत होता. अंधारी खोली आणि पडद्याला चिकटून बसणं यांनी असा त्रास वाढतो. साडेसहाला लहानांसाठी वीस मिनिटांचं काहीतरी संथ लावावं, मग त्यांना खाऊ देऊन घरी पाठवावं, आणि मोठ्यांचा सिनेमा त्यानंतर.

मेसेज आदल्या दिवशी ग्रुपवर जावा आणि तो असा असावा: ‘उद्याचा सिनेमा ९४ मिनिटांचा, हिंदीत, प्रमाणपत्र अ/व ७+. नवव्या मिनिटाला आजोबा वारतात. चाळिसाव्या मिनिटाला मुलगा कपड्यांच्या मशीनमध्ये बसतो, तिथे सिनेमा थांबवून बोलणार आहोत. अडुसष्ट ते शहात्तर अंधारी गुहा, मोठा आवाज. चौकीदाराच्या बोलण्यावर तीनदा हशा आहे. पाच वर्षांखालच्यांना सात वाजता न्यायला या.’ एवढं लिहायला वेळ कुणाला आहे, असं कुणी म्हणेल. कोजागरीच्या वर्गणीचा मेसेज याच ग्रुपवर याच्या तिप्पट लांबीचा येतो, आणि तो लिहायला दरवर्षी कुणीतरी सापडतंच.